लेप दिलेली गोळी: आधी वजन, मग कस, शेवटी रंग

मूळचे शहाद्याचे आणि सध्या अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रेनो शहरी नोकरी करणारे एक तरुण गृहस्थ विचारतात, की तिथल्या एका दिवंगत शिकाऱ्याच्या घरसामानाच्या विक्रीत त्यांना रायफलच्या सुट्या गोळ्यांच्या चार प्लास्टिक पिशव्या स्वस्तात मिळाल्या, पण एकीवरही चिठ्ठी नाही. पहिल्या पिशवीत काळ्या अंगाच्या आणि रुपेरी-करड्या प्लास्टिक टोकाच्या गोळ्या आहेत, दुसरीत संपूर्ण निळ्या आणि टोकाला बारीक भोक असलेल्या, तिसरीत मळकट करड्या अंगाच्या पण लाल टोकाच्या, आणि चौथीत तांबूस अंगाच्या दहा-बारा गोळ्या, ज्यांचे नुसते टोक काळे आहे. त्यांनी वजने आणि व्यास मोजून पाठवले आहेत. त्यांच्याकडे .३०-०६ आणि ७ एमएम-०८ अशा दोन रायफली आहेत, आणि मुख्य प्रश्न असा की पहिल्या दोन पिशव्यांतल्या गोळ्यांचा व्यास सारखाच, म्हणजे ०.३०८ इंच, आणि वजन अनुक्रमे १६८ व १६५ ग्रेन असल्यामुळे, दोन्हींसाठी बंदुकीच्या दारूची एकच मात्रा वापरली तर चालेल काय.

चालणार नाही. ते का चालणार नाही हे सांगताना ओळख आणि तुलना या दोन्ही गोष्टी ओघाने येतीलच, पण आधी शब्दांचा घोळ मिटवतो. आपल्याकडे बोलताना गोळी म्हटले की काडतुसासकट सगळे येते. या उत्तरात मात्र गोळी म्हणजे फक्त नळीतून बाहेर जाणारा धातूचा तुकडा, पुंगळी म्हणजे पितळी कवच, आणि काडतूस म्हणजे पुंगळी, प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी), दारू व गोळी यांचे एकत्र रूप, असाच अर्थ धरावा. हॅन्डलोडिंग म्हणजे हे चारही भाग घरी जुळवून काडतूस तयार करणे, जे अमेरिकेत हजारो शिकारी कायदेशीरपणे करतात. आपल्याकडील कायद्याचे शेवटी बोलू.

माझे बालपण वरणगावला दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत गेले आणि पुढे यंत्र-अभियंता म्हणून अमेरिकेत पंचवीस वर्षे काढताना मी स्वतः काडतुसे भरली. पण गोळ्या ओळखण्याची शिस्त मला कारखान्याने दिली नाही आणि अमेरिकेनेही दिली नाही, ती दिली जळगावच्या सराफ्यात पेढी असलेल्या मामांनी. मोडीचा दागिना हातात आला की मामा आधी तो तराजूत टाकत, मग कसोटीच्या काळ्या दगडावर घासून कस पाहत, आणि रंगाकडे सर्वांत शेवटी वळत, कारण मुलामा कोणालाही देता येतो. गोळ्यांचे अगदी तसेच आहे. ज्यांना लेपाची चर्चा करायला आवडते ते रंगापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

वजनाची गंमत अशी, की ग्रेन हे माप आपल्याला वाटते तितके परके नाही. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनांचा ठरवला गेला, म्हणजे १८० ग्रेनची गोळी बरोबर एक तोळ्याची, १६५ ग्रेनची अकरा माशांची आणि १५० ग्रेनची दहा माशांची. तुमच्या पहिल्या दोन पिशव्यांतला ३ ग्रेनचा फरक दोन गुंजांहूनही कमी भरतो. एवढ्याशा फरकाकडे कोणाचे लक्ष जाणार, असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु प्रश्न त्या दोन गुंजांचा नाहीच. तो त्या वजनाच्या आत काय भरले आहे याचा आहे. वजन करताना प्रत्येक पिशवीतल्या किमान दहा गोळ्या एकेक करून तोला आणि आकडे लिहून ठेवा. एकाच पिशवीत दोन प्रकार मिसळले असतील तर ते इथेच उघडे पडतात. इलेक्ट्रॉनिक काटा तापमानाने सरकतो, म्हणून ज्ञात वजनाचा तुकडा दर दहा-पंधरा गोळ्यांनंतर ठेवून पाहावा.

आता कस. पांढरा कोरा कागद घ्या, गोळी त्यावर आडवी ठेवून अंगठ्याने दाबत दोन-तीन वेळा लोळवा आणि कागदाकडे पाहा. शिसपेन्सिल ओढावी तशी करडी, किंचित चमकदार रेघ उमटली आणि अंगठ्याच्या ठशात तोच रंग भरला, तर तो मॉलीचा म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा लेप आहे. तुमच्या तिसऱ्या पिशवीचे वर्णन, आणि विशेषतः पिशवीच्या आतून काळी धूळ बसल्याचा तुमचा उल्लेख, याकडेच बोट दाखवतो. पहिल्या पिशवीतली काळी गोळी अशी रेघ ओढणार नाही. तिचा काळेपणा धातूला धरून बसलेला असतो, बोटाला येत नाही, आणि नखाने खरवडले तरी लगेच तांबे दिसत नाही. तो विंचेस्टरचा लुबालॉक्स नावाचा पातळ, कठीण लेप होय. या दोहोंना सरसकट 'मॉली' म्हणण्याची चूक अमेरिकेतल्या मुरलेल्या शिकाऱ्यांकडूनही मी ऐकली आहे. त्यात नावांनी आणखी भर घातली, कारण त्याच घराण्यात लुबालॉय असाही एक जुना शब्द आहे, आणि लुबालॉय हा लेप नसून तांबे, जस्त आणि थोडे कथील यांचा मिश्रधातू आहे. जुन्या डब्यावर लुबालॉय वाचून आतली गोळी काळी असेल अशी अपेक्षा करू नये.

काळे दिसणारे सगळेच लेप नसतात, हेही लक्षात घ्या. जुनी, उघडी राहिलेली गोळी तांब्याच्या हंड्यासारखी काळवंडते. तो रंग एकसारखा नसतो, डागाडागांचा असतो, आणि चिंचेने घासलेल्या हंड्यासारखी ती एका नमुन्यावर उजळून निघते. रुपेरी गोळ्यांचेही तेच. काहींवर निकेलचा मुलामा असतो, जसा फेडरलच्या ट्रॉफी बॉन्डेड टिप या पारदर्शक नारिंगी टोकाच्या गोळीवर किंवा जर्मन आरडब्ल्यूएसच्या इव्होल्यूशनवर. काही फार जुन्या लष्करी गोळ्यांचे जॅकेटच, म्हणजे बाहेरचे आवरणच, मुळात तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे असते, आणि काहींना चक्क कल्हई केलेली असते. हेक्सॅगोनल बोरॉन नायट्राइड हा अलीकडे लोकप्रिय झालेला लेप पांढरा असल्याने तांब्यावर जवळजवळ दिसतच नाही. गोळी बोटांत साबणासारखी निसटू लागली की शंका घ्यावी.

कल्हईचा विषय निघालाच आहे तर १९२१ ची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण लेपाच्या इतिहासातला तो सर्वांत महागडा धडा आहे. तेव्हाच्या तांबे-निकेल जॅकेटचा धातू नळीत चिकटून बसत असे, म्हणून अमेरिकी सैन्याने त्या वर्षीच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेसाठी .३०-०६ च्या गोळ्यांवर कथलाचा मुलामा दिला. नळी खरोखरच स्वच्छ राहू लागली. पण काही काळाने कथील आणि पुंगळीच्या गळ्याचे पितळ यांनी एकमेकांना असे धरले की जणू डाग दिला आहे, आणि गोळी सुटायला प्रचंड जोर लागू लागला. त्यातच अनेक नेमबाजांना गोळीला ग्रीस लावून झाडण्याची सवय होती. ग्रीसमुळे गळ्याला फुलून गोळी सोडायला जागाच उरली नाही, दाब भलताच चढला आणि काही रायफली फुटल्या. यातून तुमच्यापुरते घ्यायचे ते एवढेच, की बारीक कोरडा लेप ही एक गोष्ट आहे आणि गोळीला तेल-ग्रीस फासणे ही अगदी वेगळी. दुसरी कधीही करू नये.

आता तुमच्या पिशव्या एकेक करून.

पहिली पिशवी माझ्या मते बॅलिस्टिक सिल्व्हरटिपची आहे. नोस्लर आणि विंचेस्टर यांनी १९९० च्या दशकात कम्बाइन्ड टेक्नॉलॉजी या नावाखाली एकत्र येऊन या गोळ्या काढल्या. बांधणी नोस्लरच्या बॅलिस्टिक टिपसारखी, म्हणजे शिशाचा गाभा, वर मागे जाड होत जाणारे तांबूस जॅकेट, होडीच्या मागच्या बाजूसारखी निमुळती बैठक आणि पुढे पॉलिमरचे टोक. त्यावर लुबालॉक्स, आणि टोक रुपेरी-करडे. नोस्लरची साधी, लेप नसलेली बॅलिस्टिक टिप टोकाच्या रंगावरून व्यास सांगते: .३० साठी हिरवे, ७ एमएमसाठी लाल, .२७० साठी पिवळे, ६.५ साठी तपकिरी, ६ एमएमसाठी जांभळे, .२५ साठी निळे. सिल्व्हरटिपमध्ये मात्र सगळे व्यास करड्याच टोकाचे असल्यामुळे मायक्रोमीटरला पर्याय नाही. तुमचे १६८ ग्रेन वजन त्या मालिकेतल्या .३० च्या ओळखीच्या वजनाशी जुळते. हरणासाठी ही गोळी उत्तम. ती लवकर फुलते, आणि म्हणूनच एल्कसारख्या थोराड जनावराच्या खांद्याच्या हाडावर मी ती वापरणार नाही.

विंचेस्टरची आणखी एक काळी गोळी बाजारात होती, जिला फेल सेफ म्हणत, आणि भविष्यात अशी पिशवी हाती लागली तर फसू नये म्हणून तिचे सांगतो. तिला प्लास्टिकचे टोक नसते, पुढे पोकळी असते. पुढचा अर्धा भाग सलग तांबूस मिश्रधातूचा, मागच्या अर्ध्यात शिसे, आणि त्या शिशाला आधार म्हणून पोलादाचा घाला. परिणामी फेल सेफजवळ चुंबक नेला की तो ओढल्यासारखा वाटतो, आणि शिकाऱ्याची गोळी असूनही माणूस तिला लष्करी पोलादी गोळी समजून बाजूला टाकतो. उलट, पुढून पूर्ण तांब्याची दिसते म्हणून तिला शिसेविरहित समजणाराही चुकतो. रेनोहून कॅलिफोर्निया दगडफेकीच्या अंतरावर आहे, आणि तिथे १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्य प्राण्याच्या शिकारीला शिसेविरहित गोळीच लागते. फेल सेफ तिथे चालत नाही, आणि तुमची सिल्व्हरटिपही चालत नाही.

दुसरी, निळी पिशवी तुम्हाला मिळालेली खरी मौज आहे. अंगभर निळा, कोरडा, पातळ थर आणि टोकाला पोकळी, म्हणजे बार्न्सची एक्सएलसी. बार्न्सने १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक्स नावाची संपूर्ण तांब्याची गोळी आणली, जी जनावरात शिरताच चार पाकळ्यांनी उमलते आणि वजन जवळपास गमावत नाही. दुखणे एकच होते, की सलग मऊ तांबे नळीला चिकटे आणि दाबही लवकर चढे. निळा लेप हा त्या दुखण्यावरचा उपाय होता. पुढे २००३ च्या सुमारास बार्न्सने गोळीच्या अंगावर आडव्या खाचा पाडून टीएसएक्स काढली, ज्यामुळे घासणारा भागच कमी झाला, आणि निळ्या लेपाची गरज हळूहळू संपली. म्हणून अंगावर आडव्या खाचा नसलेली पूर्ण निळी गोळी दिसली की ती त्या मधल्या काळातली समजावी. निळ्या *प्लास्टिक टोकाची*, तांब्याच्या अंगाची बार्न्स निराळी आणि नंतरची. आणि अमेरिकी लष्करी .३० गोळीचे नुसते टोक निळ्या *रंगाने* रंगवलेले असेल तर ती आग लावणारी गोळी असते, जिला हातही लावू नये. निळा रंग तिन्हीकडे, अर्थ तीन.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. या दोन्ही गोळ्या टेबलावर बैठकीच्या बाजूने शेजारी शेजारी उभ्या करून पाहा. तीन ग्रेनने हलकी असूनही निळी गोळी काळीपेक्षा अंगाने जास्त भरेल, कारण शिशाची घनता ११.३ आणि तांब्याची ८.९६ आहे, आणि व्यास बांधलेला असल्यामुळे जास्तीच्या तांब्याला लांबीतच जागा शोधावी लागते. काळीच्या एकूण लांबीत प्लास्टिकचे हलके टोक धरलेले असते, म्हणून तुलना टोकापासून न करता धातूच्या अंगाची करा. लांब अंगाची गोळी काडतुसाच्या ठरलेल्या लांबीत बसवायची म्हणजे ती पुंगळीत खोल जाते, दारूसाठीची जागा कमी होते, आणि नळीच्या खाचांना घासणारा भाग वाढतो. त्यात एक मऊ सलग तांबे आणि दुसरे शिशावरचे पातळ जॅकेट, एकावर निळा थर आणि दुसरीवर लुबालॉक्स. व्यास आणि वजन सारखे असूनही दाब ठरवणाऱ्या इतक्या गोष्टी वेगळ्या असल्यावर मात्रा एक कशी असेल? प्रत्येक गोळीसाठी तिच्याच नावाचे, दारूच्या मात्रांचे छापील कोष्टक शोधा. एक्सएलसीसारख्या बंद झालेल्या गोळीचे कोष्टक जुन्या पुस्तकांत मिळते. न मिळाल्यास बनवणाऱ्या कंपनीला विचारा. सुरुवात नेहमी कोष्टकातल्या सुरुवातीच्या मात्रेपासून, आणि वर चढताना पायरीपायरीने.

इथे एक नियम पाठ करून ठेवावा, कारण तो एकाच दिशेने चालतो. लेप घर्षण कमी करतो, म्हणून त्याच मात्रेला लेपाच्या गोळीचा दाब आणि वेग दोन्ही थोडे उतरतात, आणि उतरलेला वेग भरून काढण्यासाठी लेपाच्या गोळीची कोष्टके बऱ्याचदा थोडी जास्त दारू सांगतात. साध्या गोळीची मात्रा त्याच गोळीच्या लेपाच्या रूपाला दिली तर नुकसान एवढेच की वेग कमी मिळेल. लेपाच्या गोळीची कमाल मात्रा साध्या गोळीला दिली तर मात्र दाब हद्द ओलांडतो. ही चूक मी स्वतः केली आहे. त्या काळी मी दगड घासून चकचकीत करण्याच्या फिरत्या पिंपात पोलादी छर्रे, मॉलीची पूड आणि गोळ्या टाकून घरीच लेप देत असे, आणि नंतर कार्नोबा मेणाच्या पुडीत दुसरा फेरा. गॅरेजमधले टेबल, रुमाल, दाराची मूठ, सगळे करडे झाले होते आणि घरात त्यावरून दोन दिवस अबोला होता. एका जुलैच्या दुपारी दोन बरण्यांची अदलाबदल झाली आणि मॉलीसाठी बेतलेल्या मात्रेवर साध्या गोळ्या बसल्या. पहिल्याच बाराला बोल्टची (नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची) मूठ वर उचलेना, तळहाताने ठोकावी लागली. पुंगळीच्या बुडाशी इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या कळीचा) गोल चकाकणारा ठसा उठला होता आणि प्रायमरची गोलाई जाऊन तो कडेपर्यंत सपाट झाला होता. उरलेली एकोणीस काडतुसे मी त्याच संध्याकाळी उकलली. तेव्हापासून माझ्या टेबलावर एका वेळी एकच बरणी उघडी असते.

तिसऱ्या पिशवीत ओळखीची खरी परीक्षा आहे. मॉलीचा लेप कोणत्याही गोळीला घरी देता येतो. सिएरा, हॉर्नाडी, बर्गर यांसारख्या कंपन्यांनी एका काळात कारखान्यातून लेप दिलेल्या गोळ्या विकल्या हे खरे, पण करड्या रंगावरून एवढेच कळते की पूर्वीच्या मालकाला मॉलीचे वेड होते. गोळी कोणाची हे लेपाखाली शोधावे लागते. तुमच्याकडचा व्यास ०.२८४, टोक लाल आणि वजन १३९ ग्रेनच्या आगेमागे. लाल टोक नोस्लरच्या ७ एमएम बॅलिस्टिक टिपचे असते आणि हॉर्नाडीच्या एसएसटी, ए-मॅक्स व व्ही-मॅक्स या तिन्हींचेही असते, म्हणून रंगाने काहीच सुटत नाही. वजनाने सुटते. नोस्लरची या व्यासातली नेहमीची वजने १२०, १४० आणि १५० आहेत, तर १३९, १५४, १६२ हे आकडे हॉर्नाडीचे. एका ग्रेनच्या फरकावर निकाल लागतो आहे, म्हणून दहा गोळ्या पुन्हा तोला: सगळ्या १३९ च्या जवळ राहिल्या आणि एकही १४० ला पोहोचली नाही, तर हॉर्नाडी. मग अंगाभोवती दातेरी खाचेचा पट्टा आहे का ते भिंगाने पाहा. मॉलीने तो बुजल्यासारखा दिसतो, म्हणून एक गोळी ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून घ्या. पट्टा असेल तर एसएसटी, जी शिकारीची गोळी आहे. ए-मॅक्स लक्ष्यभेदाची आणि व्ही-मॅक्स बारीक उपद्रवी प्राण्यांसाठीची असते. व्ही-मॅक्स हरणावर वापरली तर ती कातडीखालीच फुटून जखम वरवरची राहते आणि जनावर तडफडत निसटते. पुढे कधी १२० ग्रेनची लाल टोकाची ७ एमएम गोळी हाती आली तर फार जपा, कारण त्या वजनात व्ही-मॅक्सही आहे आणि नोस्लरची शिकारीची गोळीही आहे.

मॉलीबद्दल माझे मत स्पष्ट आहे आणि ते सगळ्यांना पटत नाही. दिवसाला दोन-तीनशे बार काढणाऱ्याला, म्हणजे प्रेअरी डॉग हे खारीसारखे बिळात राहणारे जनावर मारणाऱ्याला किंवा स्पर्धेतल्या नेमबाजाला, तिचा उपयोग आहे. नळीत तांबे उशिरा साचते आणि साफसफाईची वेळ लांबते. हंगामात तीन बार काढणाऱ्या शिकाऱ्याला मात्र पहिला, थंड नळीतला बार जागेवर पडणे हेच सर्वस्व असते, आणि मॉली नेमकी तिथे अडचण करते. स्वच्छ नळीतून पहिले काही बार सरकतात, नळीला लेप 'लागेपर्यंत' लक्ष्यावर पडणाऱ्या बारांचा गट जुळत नाही, आणि साध्या व मॉलीच्या गोळ्या आलटून पालटून झाडल्या तर दोन्हींचा ठाव सुटतो. शिवाय ओलसर हवेत मॉलीतल्या गंधकापासून आम्ल बनण्याची भीती असते, म्हणून हंगाम संपल्यावर नळी तशीच ठेवू नये. लुबालॉक्स आणि बार्न्सचा निळा थर यांना हा पसाऱ्याचा दोष तितका नाही, कारण ते धुळीसारखे सुटत नाहीत.

तुलना करायचीच असेल तर ती नीट करा. एका दिवशी एकच प्रकार. दुसऱ्या प्रकाराला हात घालण्यापूर्वी नळी तांबे दिसेनासे होईपर्यंत साफ करून त्याच प्रकाराचे काही बार फुकट घालवा. तीन बारांच्या गटावरून मत बनवू नका, दहा बारांचा गट आणि वेगमापकावरचे दहा आकडे घ्या. वेग हाच घरगुती माणसाच्या हातातला दाबाचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. कोष्टकातल्या कमाल वेगाला तुम्ही मात्रा कमी असतानाच पोहोचलात तर दाबही पोहोचलेला आहे, प्रायमर कितीही गुबगुबीत दिसो. लेपाची गोळी पुंगळीच्या गळ्यात सहज सरकते, म्हणून गळ्याची पकड तपासा, आणि निळ्या गोळीसाठी पुंगळीची आतली कड नीट तासून घ्या, नाहीतर गोळी बसवताना लेपाची निळी भुकटी कडेवर दिसेल. एक्सएलसी नळीच्या खाचांपासून साधारण ०.०५० इंच मागे बसवून सुरुवात करा. सलग तांब्याच्या गोळ्यांना ही उडी मानवते, हा माझाही अनुभव आहे. प्लास्टिक टोकापासून लांबी मोजू नका, टोके गोळीगणिक किंचित वेगळी असतात. कंपॅरेटरने, म्हणजे मापकाला लावायच्या भोकाच्या जोडाने, गोळीच्या वळणावरून मोजा. माझी निवड विचाराल, तर तुमच्या .३०-०६ साठी हरणाला काळी आणि मोठ्या जनावराला किंवा कॅलिफोर्नियात निळी. पण निळ्या गोळ्या आता नव्याने मिळणार नाहीत, म्हणून पिशवीत शंभराहून कमी असतील तर मात्रा बसवण्यातच त्या संपतील आणि शिकारीला चार उरतील. तसे असेल तर सरळ आजच्या टीएसएक्सवर मेहनत घ्या.

चौथ्या पिशवीबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितो आहे. तांबूस अंग आणि *रंगाने* काळे केलेले टोक हा लेप नाही, ती लष्करी खूण आहे. अमेरिकी .३० एम-२ ही चिलखतभेदी गोळी अशीच दिसते आणि तिच्या आत कठीण पोलादाचा गाभा असतो. स्विफ्टच्या सिरोको या चांगल्या शिकारी गोळीचे टोकही काळे असते, पण ते प्लास्टिकचे, नखाला वेगळे लागणारे. ॲसिटोनने रंग निघाला आणि चुंबकाने गोळी टेबलावरून उचलली गेली, तर शंकेला जागा नाही. अशी गोळी जनावरात फुलत नाही, दगडावर आपटून भलतीकडे जाते आणि वाळल्या गवतात ठिणगी पाडते. शिकारीला ती बेकायदाही ठरू शकते. ती भरू नका, विकूही नका, परवानाधारक दुकानदाराच्या स्वाधीन करा. लाल किंवा नारिंगी रंगवलेली टोके पुढे कधी दिसली तर त्या मागोवा दाखवणाऱ्या जळत्या गोळ्या असतात, त्यांचेही हेच करा.

तुम्ही तिथे एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर आणखी एक: अमेरिकी केंद्रीय कायद्याने अशा व्यक्तीला शस्त्र व दारूगोळा बाळगण्यास मनाई आहे, आणि त्यातली नेहमीची सवलत म्हणजे कोणत्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना. तो नूतनीकरण न करता या पिशव्या घरात ठेवू नका. आणि दिवाळीला शहाद्याला याल तेव्हा, मित्रांना दाखवायची हौस कितीही असली तरी, यातली एक गोळीसुद्धा सामानात आणू नका. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात, त्यामुळे परवान्याविना काडतूस भरणे तर सोडाच, निरुपद्रवी वाटणारी तांब्याची सुटी गोळी बॅगेत सापडली तरी विमानतळावर गुन्हा दाखल होऊ शकतो. सातपुड्यात जुन्या लोकांनी सांगितलेल्या शिकारीच्या गोष्टी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधीच्या आहेत. तिसऱ्या पिशवीतली पुसलेली एक गोळी फुटपट्टीशेजारी ठेवून बाजूने आणि बैठकीकडून असे दोन फोटो पाठवा, म्हणजे एसएसटीबद्दल पक्के सांगता येईल.